मधी पाया पडायचं न्हाई

थाई बॉक्सिंग शिकायला माणसं कशाला जातात, हे मला विचारण्यात अर्थ नाही. मी गेलो नव्हतो, मला नेलं होतं.

झालं असं की, माझी भाची, थोरल्या बहिणीची लेक, कॉलेजसाठी आमच्या घरी जालन्याला राहायला आली. तिचं गाव राजूरच्या पलीकडं, फाट्यावरून आत. येऊन महिना झाला नसेल, तेवढ्यात तिनं स्टेशनकडच्या एका आडत दुकानाच्या माडीवर चालणारा हा क्लास हुडकून काढला. त्याच गल्लीत शिवणक्लास आहे, इंग्रजी बोलायचा क्लास आहे. ते हिला दिसले नाहीत. तिच्या बापाला, म्हणजे आमच्या दाजींना फोन लावला, तेव्हा मला वाटलं, आता ते आभाळ डोक्यावर घेतील आणि माझं काम होईल. पण दाजी म्हणाले, "जाऊ दे तिला. पन तू संगं जायचं. एकटी पोरगी लाथा खायला सोडायची न्हाई."

म्हणजे मामासोबत खाल्ल्या तर चालतील. मी म्हणालो, "मी बाहेर बाकड्यावर बसतो की." पण क्लासचे सर भलते कडक निघाले. पंचविशीतलं पोरगं, घरी उर्दू बोलणारं, अंगानं काडी आणि आवाजानं नगारा. म्हणालं, "बघे लोक नक्को, मामा. बसायचं तर खाली आडतीवर बसा. वर आलं की चप्पल काढायची आन पाय उचलायचा." खाली आडतीवर मिरचीची पोती. एक संध्याकाळ तिथं बसून मी इतका शिंकलो की हमाल माझ्यासाठी पाणी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी वर जाऊन नाव घातलं. बियाण्याच्या कंपनीत गोदाम सांभाळणारा, पन्नाशीला टेकलेला, ढेरीमुळं स्वतःच्या पायाचा अंगठा न दिसणारा माणूस थाई बॉक्सिंगला लागला तो असा. सर मला मामा म्हणाले म्हणून सगळी बॅच मला मामा म्हणायला लागली, माझ्याहून वयानं मोठे असलेले लोकसुद्धा.

वर गेल्यावर कळलं की इथं प्रत्येकाचं एक सांगायचं कारण असतं आणि एक खरं. सांगायचं कारण सगळ्यांचं सारखंच, फिटनेस. खरं कारण दम लागून भिंतीला टेकल्यावर बाहेर येतं. दहावीची पोरं ग्रेस मार्कांसाठी आली होती. लाथ कुठं बसते यापेक्षा सर्टिफिकेट कधी मिळतं यात त्यांना रस. एक कापडवाले शेठ होते. दिवसभर गादीवर बसून गिऱ्हाइकापुढं साड्यांचा ढीग उलगडायचा, गिऱ्हाइकानं "फिरून येतो" म्हणत उठून जायचं, आणि यांनी हसून "या हां ताई" म्हणायचं. संध्याकाळी ते यायचे आणि टांगलेल्या बॅगेला असे भिडायचे की आम्ही लांब उभे राहायचो. बँकेतल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगू का, सगळ्या जालन्यात ही एकच जागा आहे जिथं मला कुणी चहा टाक म्हणत नाही." मला ते बिलकुल पटलं. भाचीला विचारलं तर म्हणाली, "आवडतं मला." हे काय कारण झालं? मला बासुंदी आवडते, म्हणून मी तिच्यासाठी रोज मार खात नाही.

अडचण भलतीकडूनच आली. आपल्याकडं कुणाला चुकून पाय लागला की काय करतो? वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा. हे कुणी शिकवत नाही, अंगातच असतं. एसटीत लागला, पंगतीत लागला, रांगणाऱ्या लेकराला लागला, हात आपोआप जातो. माझं तर त्याहून पुढं. गोदामात बियाण्याच्या पोत्याला पाय लागला तरी मी पाया पडतो, लक्ष्मी आहे ती. आता क्लासातली लाथा मारायची बॅग दिसायला थेट पोतं. पहिल्याच दिवशी मी तिला लाथ घातली आणि लगेच वाकून पाया पडलो. पोरं खो-खो हसली. मी चिडून मागं बघतो तर भाचीसुद्धा पलीकडच्या बॅगेच्या पाया पडून राह्यली होती.

सरांनी कपाळावर हात मारला. पण ते स्वतःच आत येताना मॅटला हात लावून डोळ्यांना लावणारे, त्यामुळं आम्हाला नावं ठेवायची सोय नव्हती. ते म्हणाले, "हे बघा, ह्या खेळात अदब हायेच. सुरू व्हायच्या आधी उस्तादापुढं झुका. संपल्यावर समोरच्यापुढं झुका. बराबर? फकस्त मधी न्हाई. मधी पाया पडायचं न्हाई."

हे ऐकायला सोपं. माझं सोडा, माझी लाथ कुणाच्या गुडघ्याच्या वर जातच नव्हती. पण भाचीची लाथ अशी सुरेख बसायची की पॅड धरणारा माणूस दोन पावलं मागं सरकायचा. आणि तो सावरायच्या आत ही पुढं वाकून त्याला हात लावून मोकळी. सर ओरडायचे, ती जीभ चावायची आणि पुढच्या लाथेला पुन्हा तेच.

तिची पहिली लढत जालन्यातच झाली. समोर दुसऱ्या तालुक्यातली एक दणकट पोरगी. घंटा झाली तशी आमच्या भाचीनं तिच्या कमरेत अशी लाथ घातली की अख्खा हॉल "ओहो" म्हणाला. मी खुर्चीवरून उठलो. आणि त्याच वेळी ही पुढं झाली, तिच्या कमरेला हात लावला आणि तो कपाळाकडं नेला. समोरची पोरगी व्यवहारी. तिनं मोकळं नाक बघितलं आणि दिला ठोसा. ही धपकन खाली बसली. दुसऱ्या फेरीत पुन्हा लाथ, पुन्हा नमस्कार, पुन्हा नाक. पंच जवळ जाऊन म्हणाले, "बाई, तू लढायला आलीस का हळदीकुंकवाला?" लोक हसून हसून आडवे झाले.

तेवढाच तुकडा कुणीतरी फोनवर घेतला, खाली हात जोडलेली चित्रं टाकली, आणि आम्ही घरी पोचायच्या आत तो तिच्या गावात पोचला. पुढच्या रविवारी ती गावाकडं गेल्ती. स्टँडजवळच्या टपरीवर पोरं बसलेली असतात. एकजण उठला, वाकला, हात कपाळाला लावून म्हणाला, "पाया पडतो, ताई." मग दुसरा. मग घरापर्यंतच्या रस्त्यात जो भेटेल तो. ती त्याच दिवशी जालन्याला परत आली, न जेवता.

तेव्हापासून ती गावाला जाईना. दसरा गेला. दिवाळीला दाजी न्यायला आले, तर पुस्तक तोंडापुढं धरून बसली, आणि पुस्तक तिच्या विषयाचं नव्हतं, माझ्या मुलाचं होतं. आक्का, म्हणजे माझी बहीण, रोज फोनवर रडायची. "लेक जित्ती हाय आन मला तिचं तोंड दिसंना रे." मला दोघींचं बघवत नव्हतं. मी भाचीला समजावलं, "लोक इसरतेत गं."

"गाव कामून इसरंल, मामा? गावाला दुसरं काम काय हाय?"

मग तिनंच सांगितलं. हिवाळ्यात संभाजीनगरला स्पर्धा होती. तिथं एकदा मधी न वाकता लढायचं, मग गावाला जायचं. त्याशिवाय नाही. आपल्या आईच्या घरात जायला या पोरीला दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीला धड लाथ मारता येणं भाग होतं. मला तर हे ऐकून रडावं की हसावं तेच कळेना.

सर म्हणाले, हिला रोज खरी लढत द्यायला कुणीतरी पाहिजे. बॅचकडं नजर टाकली. दहावीची पोरं हलकी, शेठ सुटले तर थांबत नाहीत, बँकेतल्या बाईंचा गुडघा. उरलो मी. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "सर, तुम्हाला आमच्यातली रीत ठाऊक न्हाई. आमच्याकडं भाची मामाच्या पाया पडत न्हाई, मामा भाचीच्या पाया पडतो. तिला लाथ मारली त मी कुठं फेडू हे पाप?"

सर शांतपणे म्हणाले, "संभाजीनगरमधी फेडा."

मी हलक्या हातानं, म्हणजे हलक्या पायानं, सुरुवात केली. माझी लाथ एव्हाना मांडीपर्यंत जायला लागली होती; ती लागायची आणि माझा हात लगेच खाली जायचा. भाचीनं तीन-चार दिवस सोसलं. मग ती भडकली. "मामा, ती पोरगी अशी मारणार हाय का? पापडावर पापड ठेवल्यावानी?" मला राग आला. मी जरा जोरात मारली, सवयीनं वाकलो, आणि वाकलेल्या माझ्या बरगडीत तिचा पाय असा बसला की मला माझ्या आजोळचे सगळे देव दिसले. सर वरून बघत म्हणाले, "कळलं, मामा? तुमच्या भाचीचं हेच झाल्तं." मला कळलं, पण श्वास घेता येत नव्हता म्हणून मान हलवली.

घरी बायको आंबेहळद लावत होती. लावता लावता म्हणाली, "भाचीला लाथा घालून राह्यलेत, लाज न्हाई वाटत? आन वरून मारही खाऊन आलेत." तिला नक्की कशाची लाज वाटत होती ते मी विचारलं नाही.

नंतरच्या एका संध्याकाळी मात्र मी ठरवून मारली. जीव खाऊन. भाची मॅटवर आडवी झाली. माझे हात खाली जायला शिवशिवत होते. मी ते तोंडापुढं घट्ट धरून उभा राहिलो आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलासुद्धा हात खाली घेतला नाही. ती उठली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्ता बराबर, मामा," आणि मला फिरून अशी लाथ मारली की मी भिंतीला जाऊन लागलो. तिनं मला हात लावला नाही. ती सरळ उभी होती, गार्ड वर, म्हणजे मुठी तोंडापुढं. घंटा झाल्यावर मी लंगडत तिच्यापुढं गेलो आणि भर हॉलमध्ये तिच्या पायाला हात लावला. दहावीची पोरं बघत राहिली. संपल्यावर चालतं, सरच म्हणाले होते.

संभाजीनगरला ती हरली. हे सांगूनच टाकतो, उगाच तुमची आशा वाढायला नको. समोरची पोरगी हिच्यापेक्षा वीतभर उंच होती आणि पॉइंटात पुढं गेली. पण शेवटच्या घंटेपर्यंत आमची भाची एकदाही वाकली नाही. लाथ मारली की पाय खाली, गार्ड वर, डोळे समोर. मी इतका ओरडलो की शेजारच्या माणसानं विचारलं, "तुमची जिंकली का?" म्हटलं, "न्हाई, हरून राह्यली." परत येताना एसटीत ती सुजलेल्या ओठानं वडापाव खात होती आणि आईला फोनवर सांगत होती, "चतुर्थीला येते गं."

मग मला आठवलं की लढत फोनवर घ्यायचं काम माझ्याकडं होतं. काढून बघितलं तर सगळ्या फेऱ्यांत माझी चप्पल, पुढच्या खुर्चीचा पाय आणि माझा आवाज. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाला दाखवायला तिच्याकडं काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि वरून ती हरलेली. मी म्हणालो, "थोडं थांब, पुढच्या स्पर्धेनंतर जा." ती म्हणाली, "मी लढले ना? मला म्हाईत हाय की."

चतुर्थीला आम्ही दोघं राजूरला गणपतीचं दर्शन घेऊन तिच्या गावात उतरलो. टपरी भरलेली होती. मी तिच्या आणि टपरीच्या मधून चाललो होतो, जसा काही माझ्या ढेरीआड ती लपणार होती. एक पोरगा उठलाच. वाकला, हात कपाळाला लावले, मग जोडले आणि म्हणाला, "पाया पडतो, ताई." बाकीची हसायला लागली.

भाची थांबली. पिशवी खाली ठेवली आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिथून लाथ बराबर बसते, हे त्या माडीवर शिकलेल्या कुणालाही कळलं असतं. दाजींना काय सांगू, आक्काला काय सांगू, चतुर्थीच्या दिवशी. मी काही बोलायच्या आत ती अगदी हळू, घरच्या माणसाला विचारावं तसं त्याला म्हणाली, "अरे, आधी माझा पाय त लागू दे. लागल्यावर मीच पडन पाया. तू कामून आधीच पडून राह्यला?"

टपरीवाला पहिल्यांदा हसला. मग सगळीच हसली, आणि या वेळी हसणं त्या पोरावर होतं. ती पण हसली, ओठ दुखत असून. पिशवी उचलून ती घराकडं निघाली, चटचट, कारण रस्त्याच्या टोकाला दारात आई उभी होती. मी थोडं मागं राहून वळून बघितलं. ते पोरगं अजून तसंच हात जोडून उभं होतं.