मुगवड्या वाळतील असं गाव

पृथ्वीवर कोणी कुठे राहावं, हे ठरवण्याचं काम देवाने कोणावर सोपवलं असेल, तर ते आमच्या भाऊजींवर. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान नागपुरात दातांचे डॉक्टर आहेत आणि परदेशी निघालेल्या अर्ध्या शहराला त्यांनी आजवर गावं नेमून दिली आहेत. मुलामुलींची लग्नं जुळवणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात; माणसाचं गावाशी लग्न लावून देणारा मी तरी हा एकच पाहिला. स्वतः भाऊजींनी परदेश तर सोडाच, समुद्रसुद्धा पाहिलेला नाही. अमरावतीला आमच्या माहेरी आले तरी संध्याकाळच्या गाडीने परत, कारण तिथलं पाणी त्यांना मानवत नाही. शेजारच्या कामठीला एका रात्रीसाठी लग्नाला जायचं, तर घरची उशी सोबत. पण फ्रान्समधल्या लिऑनच्या कुठल्या वळणावर बेकरी आहे आणि तिच्यासमोरच्या बाकावर हिवाळ्यात ऊन येतं की नाही, हे त्यांना विचारा. खुद्द लिऑनकरांनाही ते इतक्या खात्रीने सांगता येणार नाही.

त्यांची पद्धत अशी. दवाखान्याच्या खुर्चीत माणूस आडवा झाला आणि त्याने तोंड उघडलं, की भाऊजी विचारतात, कुठे चाललास? तोंडात आरसा, नळी आणि कापसाचा बोळा असताना तो बिचारा काय सांगणार? तो नुसता ‘आँ’ करतो. तेवढ्यावरून भाऊजींना कळतं की स्वारी हॉलंडला निघाली आहे आणि चुकीच्या गावात घर पाहून बसली आहे. सुई दिसताच जो डोळे मिटून घेतो, त्याला मोठं शहर चालतं, कारण न बघता जगायची त्याला सवय असते. ‘दुखेल का हो’ असं जो पुन्हा पुन्हा विचारतो, त्याला लहान गाव हवं, जिथे पोस्टमनपासून पाववाल्यापर्यंत सगळे त्याला नावाने ओळखतील. आणि जो नर्सबाईंचा हात धरतो, त्याने आधी लग्न करावं, मग व्हिसा. यावर मी एकदा खो खो हसले. तेव्हा भाऊजींनी शांतपणे आठवण करून दिली, की अक्कलदाढ काढताना मी नर्सबाईंचा आणि ताईचा असे दोघींचे हात धरले होते, त्यामुळे मी नागपूर सोडलं नाही हेच बरं झालं.

माणसाची परीक्षा झाली की गावाची. रोज दुपारी जेवण झाल्यावर भाऊजी कॉम्प्युटरसमोर बसतात आणि नकाशातल्या छायाचित्रांमधून त्या गावातली एकेक गल्ली फिरून येतात. राजवाडे, पूल, संग्रहालयं यांच्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. म्हातारी माणसं कुठे बसतात, बसस्टॉपवर लोक एकमेकांशी बोलताना दिसतात का, हे ते पाहतात. ज्या गावात दोरीवर एकही चड्डी वाळताना दिसली नाही, ते गाव तिथल्या तिथे बाद. सगळ्यात शेवटी मुगवड्यांची कसोटी. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पांढरं धोतर अंथरून त्यावर वाटलेल्या मूगडाळीच्या वड्या घालतात; दोन दिवसांत त्या खडखडीत होतात. तसं ऊन त्या गावात पडतं का, हा भाऊजींचा अखेरचा सवाल. “ज्या गावात मुंगवड्या वाळत नाही, त्या गावात माणूस बी ओलाच राह्यते,” असं ते म्हणतात, आणि या एका वाक्यापायी ग्लासगो, ब्रसेल्स आणि जवळजवळ अख्खं नॉर्वे त्यांनी निकालात काढलं आहे.

हसू नका. इथल्या जरीपटका भागातल्या एका कापडवाल्यांचा मुलगा भर बाजारातल्या दुकानाच्या वर जन्मला आणि तिथेच वाढला. त्याला दोन नोकऱ्या आल्या होत्या, एक लिऑनची आणि दुसरी स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठच्या एका खेड्यातली. तळ्याचे फोटो पाहून पोरगा वेडा झाला. भाऊजींनी त्याची दाढ भरता भरता सांगितलं, “तुले शांतता चावंन गा. लिऑनले जा.” त्याने ऐकलं नाही. पुढे त्याला तिथे झोपच येईना. शेवटी तो रोज तिकडच्या पहाटे, म्हणजे इथे बाजार उघडला की, घरी फोन करू लागला आणि वडिलांना म्हणू लागला, की फोन जरा दुकानाबाहेर धरा. वडील बिचारे भर बाजारात फोन उंच धरून उभे राहायचे, स्कूटरचे हॉर्न आणि भाजीवाल्यांची ओरड ऐकत पोरगा तिकडे झोपी जायचा. वर्षाच्या आत तो लिऑनला गेला. आता त्याने तिथे घर घेतलंय, आणि रस्ता इतका गजबजलेला आहे म्हणे, की वडिलांना फोनवर त्याचं बोलणं ऐकू येत नाही.

भाऊजींचा खरा अभिमान असा, की त्यांनी लावलेलं एकही रोप उपटून परत आलं नाही. मला तर ही विद्याच वाटते. मी त्यांच्यासमोर मनातल्या मनात हात जोडते. पण त्या रोपांचे आईबाप इथेच असतात आणि म्हातारपणी त्यांचे दात भाऊजींकडेच येतात. दुखत काही नसलं तरी येतात, खुर्चीत बसतात, बोलत राहतात. असेच एक काका एकदा कवळी हातात धरून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, गाव लय बरं पाहून देल्लं तुम्ही. पोरगा येतच नाही.” काका मनापासून आभार मानत होते. भाऊजी त्या दिवशी जेवायला घरी आलेच नाहीत.

आणि मग पाळी आली मनूची. मनू म्हणजे ताई-भाऊजींची एकुलती एक मुलगी. समुद्रापासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब राहणाऱ्या आमच्या घराण्यात ही मुलगी समुद्री शेवाळाचा अभ्यास करते. तिला दोन ठिकाणी संशोधनाची जागा मिळाली, नॉर्वेत बर्गनला आणि ऑस्ट्रेलियात ॲडलेडला. काम सारखंच, दोन्हीकडचे लोकही चांगले. मनू म्हणाली, बाबा सांगतील तिथे जाईन.

बर्गनला बाराही महिने पाऊस. ॲडलेडला आपल्यासारखं कोरडं, रोखठोक ऊन, ट्राम, घरोघरी परसात कपड्यांच्या दोऱ्या. यात विचारण्यासारखं काही नव्हतंच, आणि तेच ताईचं दुखणं होतं. बर्गनला गेली तर पोरगी दोन वर्षांत कंटाळून परत येईल. ॲडलेडला गेली तर गेली. गाव सांगायच्या आदल्या रात्री जेवताना ताईने पोळी वाढता वाढता भाऊजींना म्हटलं, “इतक्या लोकायले बरोबर गाव सांगितलं. एक डाव चुका न. आपल्या पोरीसाठी.” भाऊजींनी ताटात बघतच पोळी मोडली. मी समोर होते, पण माझ्याकडेही कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, दवाखाना बंद. मनू हट्टाने म्हणाली, मलाही खुर्चीत बसूनच सांगा. ती आडवी झाली, तोंड उघडलं. भाऊजींनी दिवा ओढला, आरसा घेतला आणि एकेक दात निरखून पाहिला. ताई दारात उभी होती, पदर मुठीत धरून. मला वाटलं, आज हा माणूस खोटं बोलेल, आणि बोलला तर बरंच होईल.

“ॲडलेड,” भाऊजी म्हणाले. “बर्गनले वड्या वाळणार नाही.”

मग त्यांनी मशीन सुरू केलं आणि मनूचे दात साफ करायला घेतले. तिच्या दातांना काही झालं नव्हतं, तरी ते किती तरी वेळ साफ करत राहिले. ताई बाहेर निघून गेली. माणसाने इतकं अचूक असू नये, असं मला त्या दिवशी फार वाटलं, आणि तितकाच त्यांच्यापुढे माथाही झुकला.

मनू गेली. यंदा जानेवारीत, आम्ही सगळे स्वेटर घालून अंगणात चहा पीत बसलो होतो, तेव्हा तिचा फोटो आला. तिकडे ऐन उन्हाळा. परसात पांढरी चादर आणि तिच्यावर वाकड्यातिकड्या ओळींत मुगवड्या. इथे असताना या मुलीने कधी डाळ भिजत घातली नव्हती. भाऊजींनी फोटो मोठा केला, फोन उन्हात धरला, मग सावलीत धरला. ताईने विचारलं, “वाळल्या का?”

“वरून वाळल्या दिसते,” ते म्हणाले. “एखादी उलटून दाखव म्हणाव तिले. खालून ओल राह्यते कधी कधी.”

ताईने तसं कळवलं. थोड्या वेळाने मनूच्या तळहातावर उलटी ठेवलेली एक वडी आली. भाऊजींनी ती बराच वेळ पाहिली. चहा निवून गेला होता.

“वाळली,” ते म्हणाले.