फेबियनचं सायटेशन

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात फेबियन तुस्कानोसारखा मोटारवेडा दुसरा नव्हता. अर्नाळ्याच्या बर्फकारखान्यातल्या विजेच्या मोटारी खाऱ्या हवेने का जळतात, यावर त्याने रिसर्च पेपर लिहिला. रविवारची मिस्सा आटोपली की हा गडी माशांच्या वासात मीटर लावून बसायचा. शेवटी एका नावाजलेल्या इलेक्ट्रिकल जर्नलने पेपर छापला, तेव्हा त्याच्या बायकोने, सुझानने, स्टाफरूममध्ये गोड सुकेळी पाठवली.

पण नुसतं छापून भागत नव्हतं. फेबियन कंत्राटी होता. कायम व्हायचं तर मार्चआधी दुसऱ्या कुणीतरी आपल्या पेपरात त्याच्या पेपरचा संदर्भ द्यायला हवा होता. याला सायटेशन म्हणतात. रोज सकाळी तो जर्नलचं पान उघडायचा. शून्य. ज्यांचे पेपर आधीच गाजलेत, त्यांनाच पुन्हा संदर्भ मिळतात. अर्नाळ्याच्या मोटारींना कोण विचारतो? अनोळखी प्राध्यापकांना मेल पाठवून त्याने अक्षरशः गयावया केली. मला ते बघवत नसे.

मग विभागप्रमुख दिनानाथ सरांनी फेबियन आणि विभागातल्या आणखी तिघांपुढे तोडगा ठेवला: आपण पाच जण एकमेकांचे संदर्भ देऊ. उंटाच्या लग्नात गाढव गवई! मी चिडलो, फेबियनला म्हटलं, यात पडू नकोस.

"तू कायम आहेस, जितेंद्र," तो म्हणाला.

त्याने मोटारींवरच्या दुसऱ्या पेपरात सॅटेलाईट, मोबाईल टॉवर, बाकीच्यांचं सगळं कोंबलं. त्यांनीही त्याच्या मोटारी आपापल्या पेपरात घुसडल्या.

कोण कुणाचा संदर्भ देतं याचा हिशेब जर्नल दरवर्षी मांडतं. त्यात ही पाच नावं एकमेकांभोवतीच फिरताना दिसली. नवे पेपर रद्द झाले, कॉलेजला कळवलं गेलं. कायम असलेल्यांना समज मिळाली, दिनानाथ सरांनाही तेवढीच. फेबियनचं कंत्राट गेलं. मला आजही या अन्यायाचा संताप येतो.

आता तो वालीवच्या एका गाळ्यात जळक्या मोटारी रिवाइंड करतो. परवा त्याच्या पहिल्या पेपरला सायटेशन आलं. केरळच्या किनाऱ्यावरच्या एका मुलीने त्याच्या मोजमापांवर अख्खा परिच्छेद लिहिला होता. वरातीमागून घोडं, पण मी धावत जाऊन दाखवलं.

फेबियनने हात पुसून मोबाईल घेतला. पुन्हा पुन्हा वाचलं.

"ही आपल्यातली नाही ना?"

"नाही रे."

"म्हणजे वाचूनच दिलंय," तो म्हणाला, आणि तिथेच तांब्याच्या तारांमध्ये खाली बसून रडला.