रेतीतली रुई

आमच्या मोहन्यातल्या सोसायटीमागे बिल्डर उरलेली रेती टाकून गेला. तिच्यात फुलं बेताचीच आली, किस्से मात्र दर मोसमाला उगवले. आता सांगताना आधी हसू येतं आणि मग चुटपुट लागते.

मूळ कल्पना तळमजल्यावरच्या लीलाकाकूंची. त्यांचे यजमान आप्पा अर्धांगवायूनंतर दिवसभर मागच्या खिडकीत बसून असायचे. "रेती बघत बसून माणूस बरा कसा होईल? समोर फुलपाखरं यायला हवीत," काकू म्हणाल्या. मग आम्ही चार-पाच जणांनी माळावरून रानफुलांचं बी आणून टाकलं.

*

सेक्रेटरी सावंत भारी उत्साही. त्यांनी रोज पाईप लावून रेतीला आंघोळ घातली, वर शेणखताचा थर दिला. कोरड्यात वाढणारी रोपं ती, आठवड्यात कुजली.

"पोटच्या पोरासारखं केलं हो मी," सावंत म्हणाले. त्यांच्या पोराचं वजन बघता ते खरं असावं.

*

पुढच्या पावसात कुर्डूची रोपं तरारून आली. आता गुलाबी तुरे येणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. एका रविवारी सावंतवहिनी काकूंकडे वाटी घेऊन आल्या.

"कोवळी पानं होती, खुडली. गावची आठवण आली अगदी."

कुर्डूची भाजी! आप्पांनी दोनदा मागून खाल्ली. फुलपाखरांचा विषय त्या दिवशी कुणी काढलाच नाही.

*

खुळखुळ्याच्या झुडपांना पिवळी फुलं लागली आणि एकदाचं एक फुलपाखरू आलं. ग्रुपवर बातमी पडली, अख्खी बिल्डिंग मोबाईल घेऊन खाली धावली. गर्दी पांगेपर्यंत ते गेलेलं.

"दिसलं का आप्पा?"

"सावंतांची पाठ दिसली," आप्पा म्हणाले.

*

शेवटचा किस्सा काकूंनी आप्पा गेल्यावर सांगितला.

खिडकीसमोर रुई चांगली वाढली होती. आप्पांना बरं वाटावं म्हणून काकू दर शनिवारी तिच्या पानांची माळ मारुतीला घालायच्या. पहाटे, चष्मा न लावताच पानं खुडायच्या. एका शनिवारी संध्याकाळी त्या पुन्हा देवळात गेल्या, तर पुजारी म्हणाले, "काकू, तुमच्या माळेत एका पानाखाली फुलपाखराचा कोश होता. दुपारी निघालं की, केशरी. मारुतीच्या खांद्यावर पंख वाळवले आणि गेलं उडून."

काकू घरी आल्या. आप्पा खिडकीतच होते.

"आज पण काही आलं नाही गं."

"येईल हो," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.