गाडीची दक्षिण

आमची गाडी आधी एका बेकरीची होती. आतले रॅक काढले, पत्रा घासला, दोनदा धुतली, तरी ऊन तापलं की आतून खारीचा वास यायचा. बायको म्हणाली, "राहू दे. निदान गाडी तरी खुसखुशीत असू दे." हडपसरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहत होतो, आणि आमच्यातलं जे खुसखुशीत होतं ते तोवर पार सादळलं होतं.

भांडण नव्हतं. लोकांना हे पटत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. ती कॉलेजात गणित शिकवते. मी हिंजवडीच्या एका कंपनीत, पण काम घरूनच. जेवताना "मीठ दे" आणि झोपताना "दिवा घालव", एवढ्यावर आमचा संसार चालला होता. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालं होतं.

गाडीची कल्पना तिची. छपरावर सोलर, सीटखाली बॅटरी, स्वतःची पाण्याची टाकी. कुणाच्या प्लगची आणि नळाची गरज नको. सुट्ट्यांत तिने यावं, एरवीही मी कुठूनही काम करावं. "घराहून लहान जागेत राहून बघू," ती म्हणाली. "एक तर बोलायला लागू, नाहीतर काय ते कळेल तरी."

काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच सुरू केलं. पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त काका गॅलरीतून रोज बघायचे.

"काय हो, फ्लॅट कमी पडतो का?"

"हौस आहे, काका."

"हौसेला मोल नसतं म्हणतात. पार्किंगला असतं."

हौस म्हटलं की पुण्यात प्रश्न संपतात, टोमणे तेवढे राहतात. टोमणे चालतात मला. उत्तर द्यावं लागत नाही.

दर रविवारी आम्ही गाडीत. पंखा किती वीज खाईल, लॅपटॉप किती, ढग आले तर काय, हा हिशेब तिचा. वायरी ओढणं माझं. बाजारातली कुठलीच टाकी चाकावरच्या उंचवट्याशी बसेना, म्हणून कसब्यातल्या एका कारागिराकडून हवी तशी वाकवून घेतली. ज्या दिवशी उन्हाच्या विजेवर पहिला दिवा लागला, त्या दिवशी आम्ही दोघं मान वर करून बघत राहिलो.

"लागला," ती म्हणाली.

"लागला," मी म्हणालो.

त्या महिन्यातला आमचा सगळ्यात मोठा संवाद तोच असावा.

मग झोपायची फळी आली. मी कागदावर आखून दाखवलं: डोकं ड्रायव्हरच्या सीटमागे, पाय मागच्या दाराकडे. पायथ्याशी चाकामुळे फळी निमुळती करावी लागत होती, म्हणजे उशी उलट्या बाजूला नेण्याची सोय नव्हती. तिने कागद निरखला आणि विचारलं, "यात दक्षिण कुठे?"

ही बाई उपास करत नाही, मुहूर्त बघत नाही. पण दक्षिणेकडे पाय करून झोपायचं म्हटलं की तिच्यातली तिची आई जागी होते. दक्षिण यमाची, तिकडे पाय करू नयेत. लॉजवर गेलो तरी आधी सूर्य कुठे मावळला ते विचारते आणि मग उशा फिरवते.

"अगं, गाडीला दिशा नसते," मी म्हणालो.

"तुला तरी कुठे आहे?"

पूर्वी यावर दोघंही हसलो असतो. तेव्हा कुणीच हसलं नाही. मी टेप गुंडाळून ठेवली.

पुढच्या आठवड्यात सुताराकडे गेलो. गावात त्याचं वर्कशॉप, रंधा मशीनचा कानठळ्या बसवणारा आवाज. त्याने मशीन बंद केलं आणि कानामागची पेन्सिल काढून विचारलं, "फळी एकट्याची करायची हाय का जोडीची, साहेब?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. मी "जोडीची" म्हणायला हवं होतं हे मला कळत होतं, पण तोंड उघडावं असं काही आतून येईना. सुतार बिचारा भुसा झटकत उभा.

"एकट्याची करा," ती म्हणाली. "बाजूला याचं टेबल बसेल."

त्याने फळीवर खूण केली. येताना स्कूटरवर मी विचारलं, "मग?"

"मग काय. कळलं ना."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी घरी येऊन त्याची वाट पाहिली. जेवण झालं, दिवा घालवला, वाईट काही वाटलं नाही. त्याचीच जरा भीती वाटली.

ठरलं असं की मी गाडी घेऊन निघायचं, ती फ्लॅटमध्ये राहील, पुढचं पुढे. नातेवाइकांना सांगायला हौस होतीच. गाडीचं काम मात्र तिने सोडलं नाही. टेबलाच्या बिजागऱ्या तिनेच बसवल्या, आणि माझ्यापेक्षा नीट.

निघायच्या सकाळी ती खाली आली ती एक होकायंत्र घेऊन. शाळेतल्या मुलांचं असतं तसलं, प्लास्टिकचं. उशाच्या लाकडावर तिने ते चिकटवलं, सुई हलते का बघितलं.

"पहिला मुक्काम कुठे?"

"जुन्नरच्या पुढे. धरणाच्या काठी."

"म्हणजे इथून सरळ उत्तरेला." तिने जरा विचार केला. "बरं."

"येतो," मी म्हणालो. जातो म्हणू नये, एवढ्यासाठीच.

"ये," ती म्हणाली. काका गॅलरीतून बघत होते.

ऊन कलताना धरणाशी पोचलो. आलो तशीच, तोंड पुढे करून गाडी लावली. मागचं दार उघडलं की पाणी दिसत नव्हतं, नुसता रस्ता. समोरच्या काचेतून मात्र छान दिसत होतं. नळाला पाणी आलं, पंखा फिरला, दिवा लागला. "लागला," असं म्हणायला कुणी नव्हतं. पाठ टेकली आणि मान वळवली, तर होकायंत्र. पाय सरळ दक्षिणेला.

"गाडीला दिशा नसते," मी मोठ्याने म्हणालो आणि डोळे मिटले. पण पडवेना. शेवटी शिव्या घालत उठलो, गाडी सुरू केली आणि त्या चिंचोळ्या जागेत मागेपुढे करत उलटी फिरवली. पुन्हा आडवा झालो. सुई बरोबर.

आता समोरच्या काचेत पाणी नव्हतं. मी ज्या रस्त्याने आलो तो रस्ता होता. दक्षिणेला पुणं. गाडीचं तोंड घराकडे, डोकं घराकडे. उत्तरेला कुठेही गेलो आणि तिची दक्षिण पाळली, तर हेच होणार होतं. गणिताची बाई ती. "बरं" म्हणायच्या आधी तिने उत्तर काढलेलंच असणार.

बधिर पायात रक्त फिरायला लागलं की आधी मुंग्या येतात आणि मग असं दुखतं की ओरडावंसं वाटतं. मला ते छातीत झालं. मी फोन लावला.

"डोकं कुठे केलंस?" तिने उचलताच विचारलं.

"दक्षिणेला," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. आणि तिने फोन ठेवला नाही.