निळ्या गाडीची डिक्की

चाळिशी उलटलेल्या बँकेतल्या माणसाने स्पोर्ट्स सेडान घेऊ नये, असं मला बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं. घ्यायचीच तर जुनी घेऊ नये, आणि जुनी घेतलीच तर दोन लाख किलोमीटरच्या वर पळालेली तर मुळीच घेऊ नये. मी हे सगळं एका दमात केलं. माझा स्वभावच तसा आहे. कुणी नको म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पुण्याहून माझी बदली नुकतीच वर्ध्याला झाली होती. ती मीच मागून घेतली होती, कारण बाबा गेल्यापासून आई देवळीच्या घरात एकटी होती. देवळी ते वर्धा रोजचं जाणं-येणं, रस्ता आता रुंद झालेला, म्हटलं जरा मजेत जाऊ. नागपूरला जुन्या गाड्यांच्या एका दुकानात ती दिसली. गडद निळी, नाक जमिनीलगत आणि मागचा भाग जरा उचललेला. विकणाऱ्याने चावी फिरवली, इंजिन गुरगुरलं, आणि बँकेत लोकांना शिकवतो ते सगळं शहाणपण मी तिथेच विसरलो.

"एवढी पळाली कशी?" तरी मी विचारलं.

"हायवेची रनिंग हाय सर. मालक एकटाच फिरवे. शहरात घासलेली नाई. आवाज ऐका ना, मख्खन हाय."

एक खोट त्याने स्वतःहून सांगितली. डिक्की बटणाने उघडत नव्हती, लॉक बिघडलेलं होतं. मागची सीट पाडून त्याने आतली स्टेपनी दाखवली. मी म्हटलं, चालेल, करून घेऊ. मागून गाडी एवढी उंच का, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

देवळीत गाडी दारासमोर लावली. चाकांखाली लिंबं ठेवली आणि आईला हाक मारली. ती हळदीकुंकवाचं ताट घेऊन फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. तिने गाडी पुढून पाहिली, मग बाजूने चालत मागे गेली आणि मागे जरा जास्तच वेळ उभी राहिली.

"निळीच भेटली?" ती म्हणाली.

"का, आवडली नाही?"

"चांगली हाय ना."

तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. माझी आई हातभर लांब रेघ पट्टीशिवाय ओढते, पण ते स्वस्तिक वाकडं आलं. मी म्हटलं, बस, देवळापर्यंत चक्कर मारू. तिने गुडघ्यांचं कारण सांगितलं. "लय खाली हाय हे. मले उठताच नाई येणार." गाडी खाली होती हे खरंच होतं, म्हणून मी आग्रह केला नाही.

आमच्या घराविषयी थोडं सांगितलं पाहिजे. आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दुकान नाही एवढंच. मिळते कुठे, आणते कोण, हे ज्याला हवं त्याला ठाऊक असतं. पण आमच्या घराला त्यातलं काही ठाऊक नाही, अशी आमची ख्याती होती. बाबा शाळेत मास्तर. दर गांधी जयंतीला सगळ्या पोरांना मैदानात उभं करून ते हात पुढे करायला लावायचे आणि दारूला शिवणार नाही अशी शपथ द्यायचे. आई महिला मंडळात. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी नाल्याकाठची हातभट्टीची मडकी फोडली होती, आणि एकीच्या हाताला लागलं तेव्हा आईनेच लुगड्याची पट्टी फाडून बांधली होती. मी पुण्यात एवढी वर्षं काढली, पार्ट्यांना गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी लिंबू सरबत घेऊन बसलो. कुणी चेष्टा केली की मी बाबांची गोष्ट सांगायचो. मला ती सांगायला आवडायची. खरं तर त्या गोष्टीवर मी मोठा झालो होतो.

बाबा कावीळ होऊन गेले. मी पुण्याहून येईपर्यंत त्यांचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि पोट फुगलं होतं. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, हे घेत होते का? मी त्याच्यावर असा तडकलो की वॉर्डातले लोक वळून पाहू लागले. माझ्या बापाने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, तुम्ही कुणाला विचारताय, वगैरे. आई पलंगाजवळ उभी राहून चादर नीट करत होती.

आता गाडीकडे येतो. पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर तपासणीला उभे असलेले पोलीस दर वेळी माझीच गाडी बाजूला घ्यायला लागले. मला वाटलं, वेगामुळे असेल, आणि मनातून थोडा सुखावलोही. पण कुणी वेगाचं नाव काढत नव्हतं. सगळे सरळ मागे जायचे.

"डिक्की उघडा."

"उघडत नाही. लॉक खराब आहे."

"उघडतच नाई?" एक जण हसला. मग मला मागची सीट पाडायला लावून त्याने आत बॅटरीचा उजेड टाकला, स्टेपनी पाहिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही तं चांगल्या घरचे दिसता बाप्पा." याचा अर्थ काय ते मला कळलं नाही. घरी येऊन मी आईला हे गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

मग एका रविवारी दुपारी मी भाजी घेऊन परत आलो. गल्ली जेवून आडवी झालेली, चिटपाखरू नव्हतं. फाटकाला आतून कडी होती, म्हणून मी हॉर्न दिला. दोनदा, छोटा छोटा.

समोरचं दार उघडलं. तिथे राहणारे निवृत्त कारकून काका बनियनवर बाहेर आले, काखेत कापडी पिशवी. कोपऱ्यावरचा शिंपी दुधाची बरणी घेऊन निघाला. त्याच्या मागून आणखी एक जण आला, तो लुंगी बांधता बांधताच. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. काका माझ्या खिडकीशी वाकले आणि आत न पाहताच म्हणाले, "लय दिवसानं आला रे लेका. कुठी मेला होता?"

मग त्यांनी मला पाहिलं.

"काका?" मी म्हणालो.

"अरे, तू व्हय," ते म्हणाले. "मले वाटलं, भाजीवाला."

"भाजीवाला या गाडीत येतो?"

"आजकाल येतात," असं म्हणून ते वळले. शिंपी तोवर बरणी पाठीमागे धरून अर्ध्या वाटेतून परत फिरला होता. एकेक दार लागलं आणि गल्ली पुन्हा झोपल्यासारखी झाली.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिलो. हायवेची रनिंग, माल भरला तरी मागून बसू नये म्हणून घातलेल्या जाड स्प्रिंगा, न उघडणारी डिक्की, पोलिसांचं हसणं. सगळं एकदम कळलं. ज्या घरासमोर मडकी फोडणाऱ्या बायकांची बैठक भरायची, त्या घरासमोर मी दारूची गाडी आणून तिला ओवाळून घेतलं होतं.

आई सुपात तुरीची डाळ पाखडत होती. मी धापा टाकतच तिला सांगितलं.

"हो का," ती म्हणाली.

"हो का काय? आई, ही दारू आणायची गाडी होती. काका पिशवी घेऊन आले."

"गाडीनं काय केलं? गाडी तं गाडी असते."

तिच्या तोंडून हे ऐकून मला गाडीपेक्षा मोठा धक्का बसला. मी आवाज चढवला. "उद्याच विकतो. बाबा असते तर त्यांनी हिच्या दाराला हात लावला नसता." आई सूप उचलून आत गेली, आणि मी समजलो की बाबांचं नाव निघाल्यामुळे तिला भरून आलं.

विकायला गिऱ्हाईक लगेच कुठे मिळतं? तेवढ्यात बाबांचं वर्षश्राद्ध आलं. ते आमच्या मूळ गावी, शेताजवळच्या घरी करायचं होतं. आई म्हणाली, "ही नको नेऊ. भाड्याची सांग." पण आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आदल्या दिवशीच येऊन राहिली होती आणि भाच्याच्या गाडीत बसायचं म्हणून खूश होती. मी म्हटलं, एवढं करून मग विकतो. मागची सीट पाडून पितळेची भांडी, शिधा आणि सगळ्यांच्या वर शालीत गुंडाळलेला बाबांचा भिंतीवरचा फोटो, असं डिक्कीत सरकवलं. सीट उभी केली, तिच्यावर आत्याला बसवलं. आई पुढे बसली. रस्ताभर ती पदर घट्ट धरून खिडकीबाहेर पाहत होती. आत्या मागून भावाचं कौतुक सांगत होती, देवमाणूस होता, सुपारीचंही व्यसन नव्हतं.

गावी पोचलो. आत्या उतरून आत गेली. गुरुजी येऊन बसलेले होते आणि फोटो मागत होते. मी सीट पाडायला गेलो तर सीट पडेना. खटका ओढला, तो तुटून हातात आला. डिक्कीवर बुक्क्या मारल्या, बटण दाबलं, पाना घालून कड उचकटायला लागलो. आतून दोनदा निरोप आला. माझा पारा इतका चढला होता की दगड शोधू लागलो.

"काच फुटन त्याची," आई म्हणाली. "फोटोची. सरक तिकडे."

ती मागे आली. लुगडं गुडघ्यात धरून खाली बसली, पहिल्या दिवशी ज्या गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं त्याच गुडघ्यांवर. नंबर प्लेटच्या मागे तिने हात घातला, जरा डावीकडे चाचपलं आणि काहीतरी ओढलं. आतून खट्ट आवाज आला आणि डिक्की हळूच वर आली.

तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. हाताला जागा माहीत होती.

मला आधी वाटलं, मंडळाच्या बायकांनी कधी ही गाडी अडवली असेल. तसं असावं अशी मी मनातल्या मनात विनवणीच केली.

"तुला कसं माहीत?"

"गाडीवाला दुपारी ये," ती म्हणाली. तिने फोटोवरची शाल काढली आणि पदराने काच पुसायला घेतली. "तुह्ये बाबा रिटायर झाले अन् सुरू झालं. पह्यले तेच जात होते. मंग त्याइले उठणं होये ना. नाई भेटली तं हात कापत, घाम सुटे, भिंतीवर काहीबाही दिसे. मंग मीच जात होती. गाडीवाल्याचे हात भरलेले राहत, तो मले म्हणे, मावशी, तुमीच ओढा तार."

"तू? मंडळातली तू?"

"त्याइनं चौकात पडायले पाह्यजे होतं काय? शाळेतले पोरं पाहत."

मी गाडीला टेकलो, आणि गाडीला टेकलो म्हणून पुन्हा दूर झालो. त्या डॉक्टरचा चेहरा आठवला. चादर नीट करणारी आई आठवली. आमच्या घरात वर्षानुवर्षं हे चालू होतं, मी दर आठवड्याला फोन करत होतो आणि तिकडे पुण्यात लोकांना बाबांची गोष्ट सांगत होतो. मला प्रचंड राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. आई काच पुसतच होती. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"मला का नाही सांगितलं?"

"तुले सांगू नको म्हणत," ती म्हणाली. "बाकी कोनाले बी सांग, पण त्याले नको सांगू. जाताना बी तेच म्हणे." मग तिने फोटो माझ्या हातात दिला. "ने आत. गुरुजी थांबून राह्यले."

विधी झाले ते मला नीट आठवत नाहीत. शेवटी कावळ्याचं पान वाढलं आणि बांधावर नेऊन ठेवलं. वरण-भात, कढी, वडे, बाबांना आवडणारी पुरणाची पोळी. आम्ही मागे सरकून उभे राहिलो. समोरच्या बाभळीवर दोन कावळे बसले होते. ते पानाकडे पाहत होते आणि उतरत नव्हते. ऊन चढत गेलं, पोळीवरचं तूप वितळून भातात गेलं, तरी ते बसूनच.

आत्या बेचैन झाली. "दादाच्या आवडीचं काही राह्यलं काय वो वहिनी?" ती म्हणाली. "आठवून पाहा ना."

आईने खाली पाहिलं. एवढी वर्षं तिने एकटीने हे सांभाळलं होतं आणि आता ती दमली होती, हे मला त्या उन्हात स्पष्ट दिसलं.

"नाही आत्या," मी म्हणालो. "काही राहिलं नाही. सगळं ठेवलं आहे."