शुक्शुककाकांचा लाल झेंडा

राखीव किनाऱ्यावरच्या त्या पहारेकऱ्याला सगळे शुक्शुककाका म्हणत. तेवीस वर्षं ते लोकांना एकच सांगत आले होते: शुक्, हळू बोला, शुक्, पायवाट सोडू नका. पक्ष्यांना या शुक्शुकची सवय झाली होती, माणसांना काही होत नव्हती.

माणसांचा काकांना वीट आला होता. पाणथळीपाशी येऊन चिखलाच्या वासाने नाकाला रुमाल लावायचे आणि तेच लोक लेकराचा भरलेला डायपर वाळूच्या टेकडीमागे टाकून जायचे. लाकडी पुलाच्या कठड्याखाली चिकटवलेलं च्युइंगगम काकांनाच खरवडावं लागे. चिखल निदान धुतला की जातो, असं ते म्हणत.

त्या वर्षी टेकड्यांखालच्या मोकळ्या वाळूत चिखल्या पक्ष्यांची दोनच घरटी होती. घरटं कसलं, टाचेने दाबल्यासारखी खळगी आणि तिच्यात वाळूच्याच रंगाची तीन ठिपकेदार अंडी. कुणाचा चुकून पाय पडू नये म्हणून वनखात्याच्या साहेबांनी प्रत्येक घरट्याशेजारी लाल झेंडा लावायला सांगितला. काकांनी लावले. पहिल्याच रविवारी एका झेंड्याभोवती गर्दी जमली. झेंडा दिसला म्हणूनच जमली. काका घसा कोरडा होईतो शुक्शुक करत राहिले, कुणी हललं नाही. पक्षीण दिवसभर लांब उभी राहिली आणि उन्हात अंडी शिजून गेली. मंगळवारी एक उचललं, तर हातातच फुटलं. वास दोन दिवस गेला नाही, घास घशाखाली उतरेना. अंड्याची किळस नव्हती ती. झेंडा आपल्याच हाताने लावला होता, त्याची होती.

झेंडे काढू का, असं विचारायला गेले, तर साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम.

पुढच्या रविवारी लेक आणि जावई येणार होते. जावयाने नवा कॅमेरा घेतला होता आणि बाबांच्या वशिल्याने अंड्यांचा जवळून फोटो काढायचा, असं आठवडाभर फोनवर लावून धरलं होतं. जावयाला नाही म्हणायची काकांची छाती नव्हती. त्या पहाटे त्यांनी उरलेल्या घरट्याशेजारचा झेंडा उपटला, दोनशे पावलांवर रोवला आणि शेजारी खळगी करून तिच्यात तीन ठिपकेदार गोटे मांडले.

जावई गोट्यांपुढे पालथा पडून अर्धा तास फोटो काढत होता. मग तिथेच बसून त्याने डबा खाल्ला आणि तेलकट बोटं गवताला पुसली.

"यांची आई कुठे गेली, बाबा?"

"तुम्ही उठलात की येईल," काका म्हणाले.

लेक याच वाळूत वाढलेली. ती वाकली, बघितलं आणि बापाच्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, हे उबवायला किती वर्षं लागतील?"

"शुक्," काका म्हणाले.

तिने ओठ दाबून हसू गिळलं आणि नवऱ्याला हाक मारली, "उठा हो आता. बाबांची नोकरी घालवाल."

ती दोघं गेल्यावरही संध्याकाळपर्यंत माणसं झेंड्याकडे येत राहिली. सगळे पांगल्यावर काका तिथे गेले, तर खळगीत दोनच गोटे होते. कुणीतरी अंडं म्हणून एक खिशात घातला होता. काकांना अशी शिसारी आली की ते वाळूत थुंकले, आणि थुंकलो म्हणून स्वतःचीही आली. पायाने त्यांनी त्यावर वाळू लोटली.

तिकडे दोनशे पावलांवर खरी पक्षीण पंख फुगवून अंड्यांवर बसली होती. पहाटेची काकांची पावलं सोडली, तर आसपास एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

काका गुडघ्यावर बसले आणि बाकीच्या दोहोंशी ठिपके जुळणारा तिसरा गोटा शोधू लागले.