कावेरीची हाक शोधणाऱ्या आक्का

डॉ. सुनंदा आक्कांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी मुलाखत, आणि त्या मुलाखतीत मी जवळजवळ नापासच झाले होते. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यातली नोकरी सोडून मी बेळगाव-निपाणी रस्त्यावरच्या आमच्या मनोरंजन उद्यानात माइकवर बोलायच्या कामासाठी गेले होते. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या तिथं आधीपासून होत्याच. आता रीतसर परवानगी काढून वाघ-बिबट्यांचं दालन उभं राहत होतं आणि त्याच्या प्रमुख पशुवैद्य म्हणून आक्का आल्या होत्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "वाघाची भीती वाटती काय गं?"

मी उचगावची, शेतकऱ्याची पोर. छाती पुढं काढून म्हटलं, "अजाबात न्हाय!"

"मग तू न्हाय चालायचीस. भ्यालेली माणसं दाराची कडी परत एकदा बघत्यात."

"तशी लई वाटती, आक्का!" मी घाईघाईनं म्हटलं. त्या खळखळून हसल्या आणि माझी नोकरी पक्की झाली.

त्या आक्का आता साठ वर्षांच्या होत आहेत. 'लेख संयमानं लिहा,' असं त्यांच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बजावलं आहे. पण ज्या बाईंनी आमच्या भागात वाघीण आणली, नुसती आणली नाही तर जगवली, त्यांच्याविषयी संयमानं कोण लिहील? मला तरी जमणार नाही.

आक्का वडगावच्या विणकर घराण्यातल्या. घरात दिवसभर माग चालायचे. मागाचा आवाज जरा बदलला की कुठं धागा तुटला हे त्यांच्या आईंना न बघता कळायचं, असं त्या सांगतात. तोच कान घेऊन त्या पिंजऱ्यापाशी उभ्या राहतात. बिबट्याच्या नुसत्या श्वासावरून त्यांनी त्याचं दुखणं ओळखल्याचं मी पाहिलं आहे. आणि भीड म्हणाल तर फक्त जनावरांची! एकदा एक बडे पाहुणे बोटातल्या अंगठीनं काच टकटक वाजवत होते. आक्का अदबीनं म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दुपारचं आडवं झाल्यावर कुणी तुमच्या खिडकीवर असं वाजवलं तर?" साहेबांनी हात खिशात घातला तो बाहेर पडेपर्यंत काढला नाही.

पण आक्का खऱ्या कळल्या त्या कावेरीच्या वेळी.

कावेरी ही आमची पहिली वाघीण. पार दक्षिणेकडच्या एका प्राणिसंग्रहालयातून आली. प्रवासात तिच्या पुढच्या पंज्याला जखम झाली आणि ती चिघळली. मोकळ्या आवारातल्या झुडपामागं ती बसली ती उठेचना. खाणंही टाकलं. तिनं आतल्या पिंजऱ्यात यायला हवं होतं, तरच औषध देता येणार होतं. अंगात अन्नाचा कण नसताना लांबून भुलीचं इंजेक्शन मारलं तर ती पुन्हा उठेलच याची खात्री आक्कांनाही नव्हती. इकडं उद्घाटन तोंडावर आलेलं, फाटकाशी हलगीवाल्यांचा सराव चाललेला. मालक म्हणाले, "उद्घाटनाला तेवढी काचेपुढं आणा, औषधाचं मागनं बघू." आक्कांनी आधी हलगी बंद करवली, मग मालकांना सांगितलं, "वाघीण जगली तर उद्घाटन. न्हायतर कसलं उद्घाटन करताय?"

वाघिणीचा रखवालदार परशुराम हा सदलग्याचा, आणि मराठीचा कडवा अभिमानी. तो दाराशी उभा राहून म्हशीला बोलवावं तसं बोलवत होता, "ये गं बाये, ये, ये!" कावेरी ढिम्म. आम्ही सगळ्यांनी हाका मारून पाहिल्या. घसे बसले, ती मान वळवेना.

सगळे नवनवीन औषधं सुचवत होते तेव्हा आक्कांनी दक्षिणेतल्या तिच्या जुन्या रखवालदाराला फोन लावला आणि कानडीत एवढंच विचारलं, "तुम्ही तिला जेवायला कसं बोलावत होता?" उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"परशा, तिला तुझी मराठी कळत न्हाय रं! ती 'बारम्मा, बा' म्हटल्यावर येती. म्हंजे तुझंच 'ये गं बाये', पण कानडीत."

परशुराम दुखावला. "जनावराला मायेची भाषा पायजे, आक्का. माझी माया मराठीत हाय."

"व्हय रं, पण तिची माया कानडीत झाली, त्याला ती काय करील?"

"मग तुमीच मारा की हाक."

"मी आज हाय, उद्या न्हाय. तू रोज असणार. तिला तुझाच आवाज लागायला पायजे." तरी तो जागचा हलेना. तेव्हा आक्कांनी विचारलं, "बाजारात म्हस घेताना घासाघीस कुठल्या भाषेत करतोस?"

"कानडीत."

"मग वाघीण म्हशीपेक्षा हलकी काय?"

परशुराम दाराशी गेला. लाजत, पडेल आवाजात म्हणाला, "बारम्मा... बा."

झुडपामागं एक कान वळला! मग दुसरा! काय सांगू, आम्ही एकमेकांचे दंड घट्ट धरले होते. परशुरामनं पुन्हा हाक मारली, या वेळी आवाजात सगळी माया ओतून. आणि कावेरी उठली. लंगडत, थांबत, पण सरळ त्याच्या आवाजाकडं आली आणि आत शिरली. दार लागलं. कुणी ओरडायचं नाही म्हणून आम्ही तोंडात पदर-रुमाल कोंबले होते. परशुराम रडत होता, आणि आक्काही.

मांसातून औषध गेलं, अंगात ताकद आली तसा आक्कांनी तिला गुंगी देऊन पंजा साफ केला. उद्घाटन उशिरा झालं, पण झालं! निपाणी, चिकोडीकडनं टेंपो भरभरून माणसं आली. हलगी नव्हती, फटाके नव्हते. कावेरी काचेजवळ आली आणि एवढी गर्दी श्वास रोखून उभी राहिली. माझ्या हातातला माइकही बंद होता. आक्कांनीच बंद करायला लावला होता.

आता आक्का निवृत्त होणार म्हणून परशुराम सैरभैर झाला आहे. त्यानं मध्यंतरी कावेरीला हळूहळू मराठीही शिकवली. आता ती 'ये गं बाये'लाही येते. त्यानं हे मोठ्या ऐटीत करून दाखवलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "बघ, तू तिचं ऐकलंस म्हणून ती तुझं ऐकती." आमच्या या दोन भाषांच्या मुलखात याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही.

आक्का, तुमचा कान असाच तिखट राहो, गुडघे कुरकुर न करोत, आणि शंभरीच्या सत्कारालाही माझा माइक तुम्हीच बंद करायला लावा. कावेरी पुन्हा कधी झुडपामागं जाऊन बसली तर आम्ही तुम्हांला हाक मारू. ती मराठीत असेल की कानडीत, घाईत आमचं आम्हांलाच कळणार नाही. तुम्ही तेवढ्या या.